पंधरा नंबरचे हृदय

मी एक जुना स्कॅनर आहे. कागदांशी माझा संबंध नाही, मी काच वाचतो. एखाद्या बुटक्या कपाटाएवढा माझा देह, पोटात एक लाल आणि एक हिरवा लेसर, आणि समोर बोटभर लांबीची काचपट्टी सरकवायला एक फट. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. आता पाहाल असेही नाही, कारण माझ्या जातीची यंत्रे बनवणे जगाने केव्हाच सोडून दिले आहे.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझी भिंगे मऊ फडक्याने पुसली, माझे आरसे केसभरही हलणार नाहीत असे बसवले आणि मला लाकडी खोक्यात घालून बोटीवर चढवले. दोन हजार एक सालच्या ऑक्टोबरात मी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात उतरलो. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, नदीकडे खिडकी असलेल्या खोलीत मला जागा मिळाली. माझ्या एका बाजूला उणे ऐंशी अंशांवर घुमणारा उभा फ्रीझर होता आणि दुसऱ्या बाजूला सिनिक्काचे टेबल.

सिनिक्का तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. हिवाळ्यातही सायकलवरून यायची, दारात बूट काढायची आणि लोकरीचे मोजे तसेच ठेवून लाकडी सपाता घालायची. माणसांशी ती कामापुरते बोले. माझ्याशी मात्र तिचे पुटपुटणे चाललेले असे. "चल, उघड तोंड," असे म्हणून ती काच आत सरकवी.

आमचे काम काय होते ते सांगतो. तुमच्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. हृदयाच्या पेशीत जो, तोच यकृताच्या आणि तोच पोटरीच्या स्नायूच्या. तरी हृदय धडधडते आणि यकृत पित्त तयार करते, कारण प्रत्येक ठिकाणी काही जनुके बोलतात आणि बाकीची गप्प बसतात. जे जनुक बोलते ते पेशीत निरोप पाठवते. सिनिक्का अवयवाचा गोठलेला तुकडा खलबत्त्यात कुटायची, त्यावर द्रव नायट्रोजन ओतायची, पांढऱ्या वाफेत तिचे हात दिसेनासे व्हायचे. त्या भुकटीतून ती निरोप गोळा करी, त्यांना लाल रंग लावी. तुलनेसाठी सगळ्या अवयवांचे एक मिश्रण असे, त्याला हिरवा. मग दोन्ही एका काचेवर सोडी. काचेवर हजारो ठिपके असत, प्रत्येक ठिपका एका जनुकाचा. ठिपका लाल दिसला तर ते जनुक इथे मोठ्याने बोलते आहे, हिरवा दिसला तर गप्प आहे. ते वाचून मी पडद्यावर आणत असे. त्यावर मत देणे माझ्याकडे नव्हते.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्या खोलीत आणत. प्राध्यापक कार्लो वेसान्तो माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राही आणि सांगे, की माणसाचे शरीर आपसात काय बोलते ते ऐकणारा हा आमचा कान. तिथे प्राध्यापकालाही सगळे नावाने आणि एकेरीच हाक मारतात. सगळे बरोबरीचे. फक्त शोधनिबंधावर कोणाचे नाव येणार आणि कोणाचे नाही, हे ठरवताना ती बरोबरी कुठे जाते ते मला कळले नाही. सिनिक्काचे नाव एकाही निबंधावर आले नव्हते. खाली आभाराच्या ओळीत यायचे, तेही एकदा चुकीचे छापले गेले होते.

कार्लो वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या लक्षात असत. कॉफीच्या वेळी तो स्वतः वेलची घातलेले पाव घेऊन येई. त्याला हृदयाच्या एका दुखण्याने झपाटले होते. त्या दुखण्यात हृदयाचा स्नायू आतल्या आत विरत जातो, माणूस धडधाकट दिसतो, आणि एक दिवस काम करता करता कोसळतो. किनाऱ्यावरच्या काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. आजारी हृदयात कोणते जनुक गप्प होते हे शोधायचे, म्हणजे मुलांना वेळीच सावध करता येईल, असे त्याचे म्हणणे होते. म्हणणे चांगलेच होते.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये किनाऱ्याजवळच्या कुस्तावी बेटावरचा एक कोळी गेला. ताइस्तो त्याचे नाव, वय बावन्न. त्याच्या बायकोने, विएनोने, त्याच्या अवयवांचे तुकडे आम्हाला द्यायला परवानगी दिली. त्याच दिवशी रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या एका बाईचेही तुकडे आले. तिचे हृदय निरोगी होते, म्हणून तुलनेसाठी हवे होते. ते दिवस मध्यउन्हाळ्याच्या सणाचे होते. सिनिक्का बहिणीकडे तळ्याकाठच्या घरी गेली होती. यकृत आणि स्नायूंच्या नळ्यांवर रुग्णालयातल्या लोकांनी नंबर घातले होते. हृदये मात्र कार्लोने स्वतः हातात घेतली. त्याला शेवटची फेरीबोट गाठून आपल्या बेटावरच्या घरी पोहोचायचे होते. त्याने घाईघाईने दोन नळ्यांच्या लेबलांवर पेनने नंबर लिहिले, नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि तो गेला. बाई चौदा नंबरची. ताइस्तो पंधरा.

शरद ऋतूत सिनिक्काने सगळ्या नळ्यांची लेबले नव्याने टंकून लावली. तिला खाडाखोड आवडत नसे. कार्लोच्या अक्षरातले जुने कागद तिने खरवडून टाकले. किती नीटनेटकी बाई, असे तेव्हा मला वाटले होते.

नोव्हेंबरात पंधरा नंबरच्या हृदयाची काच माझ्यात आली. मी वाचली आणि पडद्यावर आणली. सिनिक्का बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मित्रांनो, एक जनुक असे आहे की ते फक्त बायकांच्या पेशींत बोलते. पुरुषाच्या हृदयात ते गप्पच असायला हवे. पंधराच्या काचेवर तो ठिपका लालभडक होता. मग तिने चौदाची काच घातली. तिथे तो ठिपका हिरवा, आणि फक्त पुरुषांत बोलणारी जनुके लाल.

तिने दोघांच्या यकृताच्या काचा केल्या. यकृते यकृतासारखीच बोलत होती आणि नंबराप्रमाणेच बोलत होती. पंधराचे यकृत पुरुषाचे, चौदाचे बाईचे. म्हणजे कागदावर असा एक माणूस तयार झाला होता, ज्याचे यकृत पुरुषाचे होते आणि हृदय बाईचे.

सिनिक्का कार्लोला बोलावून घेऊन आली. त्याने पडदा पाहिला, कॉफीचा कप माझ्यावर ठेवला.

"रंग उडाला असेल," तो म्हणाला. "हा लाल रंग दमट हवेत टिकत नाही. यंत्रही गरम होतंय हल्ली. पुन्हा करून बघ."

तिने पुन्हा केले. दोनदा केले. मी दोन्ही वेळा तेच सांगितले, कारण दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते. तिने माझ्या नोंदवहीत तारीख घालून लिहिले: काच पंधरा, बाईचे जनुक बोलते. पुन्हा केले. तेच.

दुसऱ्यांदा ती सांगायला गेली तेव्हा कार्लो दारातच भेटला. निबंध पाठवून झाला होता. आजारी हृदयात एक विशिष्ट जनुक गप्प होते, असा त्याचा शोध होता. पाच आजारी हृदये, पाच निरोगी. त्यांतल्या चार जोड्यांत फरक इतका पुसट होता की डोळे ताणून बघावा लागे. चौदा आणि पंधराच्या जोडीत मात्र तो ठसठशीत होता आणि सगळा शोध त्या एका जोडीवर उभा होता. नळ्यांची अदलाबदल झाली होती हे मान्य केले, तर शोध नुसता कोसळत नव्हता, उलटा होत होता. आजारी ताइस्तोच्या हृदयात ते जनुक सगळ्यांत मोठ्याने बोलत होते.

कार्लो चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. दोन ठिपक्यांसाठी दोन वर्षांचे काम टाकून द्यायचे का, असे त्याने शांतपणे विचारले. मग जाता जाता वळला.

"तुझी मुदत डिसेंबरातच संपते ना?" तो म्हणाला. "कागद लवकर पाठव माझ्याकडे. उशीर नको व्हायला."

स्वर अगदी काळजीचा होता. सिनिक्काची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती आणि अकरा वर्षे ती अशीच पुढे पुढे सरकत आली होती. तिने कागद पाठवले. कार्लोने सही केली. निबंधाच्या तक्त्यातून त्या दोन ठिपक्यांच्या ओळी गळल्या. त्या आठवड्यात सिनिक्का माझ्याशी काही बोलली नाही. काच घालायची, काढायची, पुसायची.

निबंध छापून आला. वर्तमानपत्रात कार्लोचा माझ्याजवळ उभा असलेला फोटो आला. नवे संशोधक आले, नवी टेबले आली. विएनो दर नाताळाला बसने आणि फेरीबोटीने येऊन बेटावरचा काळा गोडसर पाव फडक्यात बांधून आणायची. आपल्या नवऱ्याच्या हृदयाने काहीतरी सापडले याचा तिला अभिमान होता. तो पाव सगळे खात. सिनिक्काही खाई.

दोन हजार चारच्या वसंतात विएनो आपल्या मुलाला घेऊन आली. एस्को त्याचे नाव. चौतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, बापासारखाच कोळी. शहरातल्या डॉक्टरांना त्याच्या हृदयाचे ठोके पटले नव्हते. गळ्याच्या हाडाखाली एक छोटे उपकरण बसवून घे, हृदय अडखळले तर ते झटका देऊन चालू करेल, असे त्यांनी सांगितले होते. तारीखही ठरली होती. एस्कोला ते नको होते. त्या उपकरणानंतर एकट्याने बोट न्यायची परवानगी मिळेल की नाही, याची त्याला धास्ती होती. डॉक्टरांनी तपासणीसाठी त्याच्या हृदयाचा कणभर तुकडा काढलाच होता. त्यातला थोडा कार्लोने मागून घेतला. ओळखीखातर बघून सांगतो, म्हणाला.

ती काच सिनिक्कानेच केली. मी वाचली. ते जनुक मोठ्याने बोलत होते.

पडद्यावर एस्कोची काच होती. सिनिक्काने तिच्या शेजारी जुनी चौदा नंबरची काच उघडली. ठिपक्यामागून ठिपका जुळत गेला. बाप आणि मुलगा शेजारी शेजारी उभे असावेत तसे. खोलीत तेव्हा ती आणि मी दोघेच होतो. मी वाचायचे ते वाचले होते, आणि तिलाही ते वाचता आले होते. ती उठून कार्लोच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ती खुर्चीत बसली आणि तिने दुसरीच काच हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी एस्को आला. कार्लोने त्याला सिनिक्काच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवले आणि पडद्यावरचा लाल ठिपका दाखवला.

"आजारी हृदयात हे गप्प असतं," तो म्हणाला. "तुझं बघ कसं बोलतंय. तुझं हृदय बापावर गेलेलं नाही. निर्धास्त जा जाळी ओढायला."

एस्को लाजल्यासारखा हसला. सिनिक्काने त्याला कॉफी दिली. त्याने तिला विचारले, की मग ते उपकरण नको ना आता. तिने कार्लोकडे पाहिले. कार्लो म्हणाला, नको. एस्कोने कॉफी संपवली, कप स्वतः विसळून ठेवला आणि तो गेला. त्याने रुग्णालयातली तारीख रद्द केली.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये, गोठलेल्या समुद्रावर, बर्फाच्या भोकातून जाळे ओढताना एस्को कोसळला. बरोबर त्याचा चुलतभाऊ होता. त्याने छाती दाबून पाहिली, जमेल ते केले. एस्को छत्तीस वर्षांचा होता.

ही बातमी आमच्याकडे कॉफीच्या खोलीतून आली. कार्लो तेव्हा परदेशात एका परिषदेला गेला होता. सिनिक्काने ऐकले आणि ती माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. तिने फ्रीझरच्या दाराला हात लावला, काढून घेतला. त्या दिवशी तिने एकही काच केली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला विएनो आली. काळा कोट, हातात मासे ठेवायचा बर्फाचा डबा. कार्लो अजून परतला नव्हता. तिला कार्लो नकोच होता.

"शनिवारी एस्कोला पुरायचंय," ती सिनिक्काला म्हणाली. "ताइस्तोच्या शेजारी. ताइस्तोला पुरलं तेव्हा तो पूर्ण नव्हता. त्याच्या हृदयाचं जे काही तुमच्याकडे उरलं असेल, ते मला दे. दोघांना एकदमच ठेवते."

तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. परवानगीचा. त्यावर नमुन्याचा नंबर होता, पंधरा.

सिनिक्काने जाड हातमोजे घातले आणि फ्रीझर उघडला. खोलीत थंड धुके उतरले. पंधरा नंबरची नळी समोरच होती. ती उचलून दिली असती तर विएनो आभार मानून निघून गेली असती. ताइस्तोच्या शेजारी कुठल्या तरी अनोळखी बाईच्या हृदयाचा तुकडा पुरला गेला असता, आणि जगात कोणालाही कळले नसते. तिचा हात पंधरावर गेला. तिथेच राहिला. बोटांवर दव जमू लागले. मग तिने शेजारची नळी काढली.

"हे घे."

विएनोने चष्मा चढवला. "यावर चौदा लिहिलंय. माझ्या कागदावर पंधरा आहे."

"हो."

"मग?"

"ताइस्तो चौदामध्ये आहे," सिनिक्का म्हणाली. "पंधरामध्ये दुसरी कोणीतरी बाई आहे. नळ्यांची अदलाबदल झाली होती."

विएनो खुर्चीवर बसली. डबा तिने मांडीवर घेतला.

"तुला केव्हा कळलं?"

"साडेतीन वर्षं झाली. नोव्हेंबरात."

"म्हणजे एस्कोची तपासणी झाली त्याच्या आधी."

"आधी."

"कार्लो म्हणाला होता, त्याचं हृदय बापावर गेलेलं नाही."

"बापावरच गेलं होतं. मी दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. एकसारख्या होत्या."

"पाहिल्यास. आणि?"

"कार्लोला सांगितलं."

"मला नाही सांगितलंस," विएनो म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "एस्कोला नाही सांगितलंस. घरी येऊन त्याने सांगितलं होतं, तो इथेच बसला होता, तुझ्या टेबलाजवळच्या खुर्चीवर. तू त्याला कॉफी दिलीस."

"दिली," सिनिक्का म्हणाली.

नदीवर बर्फ फुटायला लागला होता. त्याचे करकरणे खिडकीतून ऐकू येत होते. विएनोने नळी डब्यात ठेवली, वर बर्फ लोटला आणि झाकण लावले. माफ कर, एवढेही सिनिक्का म्हणाली नाही. ते शब्द तिच्याकडे नव्हते असे नाही. पण कोणत्या तोंडाने म्हणायचे हे तिला कळत नसावे. तिने विचारले, कॉफी करू का.

"तुझी कॉफी राहू दे," विएनो म्हणाली. दारात पोहोचल्यावर ती थांबली. "त्या पंधरामधल्या बाईचं कोणी आहे का मागे?"

"माहीत नाही. तिचं नाव आमच्याकडे नाही."

"तिलाही असं ठेवून घेतलंत," विएनो म्हणाली आणि गेली.

तिने विद्यापीठाला पत्र लिहिले. चौकशी बसली. तीन माणसे माझ्या खोलीत आली, पाठीवर हात बांधून माझ्याभोवती फिरली. कार्लो परतला होता, खचलेला दिसत होता, आणि मला वाटते तो खचला होताही. त्याने सांगितले, की मला फार वाईट वाटते, पण शास्त्रज्ञ यंत्रावर आणि हाताखालच्या माणसांवर विसंबून असतो. नमुन्यांची लेबले कोण लावते, असे त्या तिघांनी विचारले. सगळी लेबले एकाच टंकातली, एकाच हाताने लावलेली. सिनिक्काची. मूळ लेबलांवर कार्लोचे अक्षर होते, असे ती म्हणाली. ती कुठे आहेत, त्यांनी विचारले. तिने स्वतःच खरवडून टाकली होती.

मग तिने माझी नोंदवही पुढे केली. बाईचे जनुक बोलते. पुन्हा केले. तेच. कार्लोने ती ओळ वाचली आणि म्हणाला, बघा, यंत्र तेव्हापासूनच बिघडलेले होते, तिने स्वतःच नोंद केली आहे.

मित्रांनो, त्या दिवशी कोणी माझ्यात एक काच सरकवली असती तर मी दाखवून दिले असते. दोघांची यकृते फ्रीझरमध्ये होती, पंधराचे हृदय होते. माझ्यापासून चार पावलांवर. कोणी मागितली नाहीत. चौदाची नळी कुस्तावीच्या दफनभूमीत गेली होती आणि उरलेल्यांना कोणी विचारायला तयार नव्हते. अहवालात एक वाक्य आले: 'यंत्रातील संभाव्य दोष आणि नमुन्यांच्या हाताळणीतील मानवी चूक.' निबंध दोन ओळींची सूचना छापून मागे घेतला गेला. एस्कोचे नाव कुठेच नव्हते, कारण त्याची तपासणी ओळखीखातर होती आणि ओळखीखातर केलेल्या कामाचा कागद नसतो. कार्लो दोन वर्षांनी निवृत्त झाला. त्याच्या निरोपाची भाषणे भिंतीपलीकडून मला ऐकू आली. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

सिनिक्काचा करार मात्र चौकशीच्या वर्षीच, डिसेंबरात संपला होता. पुढे वाढवला गेला नाही. शेवटच्या दिवशी तिने टेबल पुसले, लोकरीचे मोजे पिशवीत घातले आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"तू सांगितलंस," ती म्हणाली. "मी ऐकलंही."

मग ती मला झाकून गेली. नंतर ती बाजारपेठेत मासळीच्या दुकानात काम करते असे कोणीतरी म्हणाले. एस्कोच्या अंत्यविधीला ती गेली होती, पण दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभी राहिली, असेही म्हणाले. खरेखोटे मला माहीत नाही. मी खोलीतल्या गोष्टी सांगू शकतो, फाटकाबाहेरच्या नाही.

माझ्यावर 'सदोष' अशी पिवळी चिठ्ठी चिकटवून मला तळघरात नेले. तोवर नवी यंत्रे आली होती. ती ठिपके वाचत नाहीत, निरोप अक्षरन्‌अक्षर वाचतात, आणि एकेका पेशीचे वेगळे वाचतात. मला त्यांचा हेवा नाही. ती माझ्याहून फार हुशार आहेत. पण तीही नुसती वाचूनच दाखवतात.

तळघरात अकरा वर्षे गेली. गेल्या आठवड्यात भंगाराच्या कंपनीचा एक माणूस आला. यार्क्को असे त्याला दुसरा हाक मारत होता. कुठलेही यंत्र तोडायच्या आधी एकदा चालू करून बघायची त्याला सवय होती. त्याने माझी तार जोडली, खणात पडलेली एक जुनी काच शोधून फटीत सरकवली. माझे दिवे हळूहळू तापले. आरसा हलला. मी पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत सगळी काच वाचली, एकही न चुकता.

"हा तर ठणठणीत आहे," यार्क्को म्हणाला.

"मग ठेवायचा का?" दुसऱ्याने विचारले.

"कशाला? याच्या काचा कुठे मिळतात आता."

त्याने तार काढली. दोघांनी मला उचलून ट्रकमध्ये चढवले. चिठ्ठी काढायचे काही कारण नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. आता मी एका उघड्या शेडमध्ये आहे आणि उद्या माझे आरसे एका ढिगात जातील, तारा दुसऱ्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. यंत्रे मोडतात, मोडू द्या. पण उद्या तुमच्यातले कोणी प्रयोगशाळेत काम कराल, कोणी रुग्णालयात, कोणी शाळेत. केव्हातरी तुमच्या पुढ्यात एखादी काच येईल आणि वरच्या माणसाला नको असलेली गोष्ट ती स्पष्ट सांगेल. एकदा कळवले म्हणून आपले काम संपले, असे समजू नका. पुन्हा कळवा. तिसऱ्यांदा कळवा. आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो समोर खुर्चीत बसलेला असेल, तर त्याच्या तोंडावर सांगा. नोकरी जाईल, अशी भीती वाटेल. वाटू द्या. गप्प राहूनही सिनिक्काची गेलीच.